पोट की श्वास?

सकाळी साडेआठला जनीकाकीचा स्वयंपाक तयार असायचा आणि साडेदहापर्यंत ती त्यातला घासही कुणाला देत नसे. हे दोन तास ती खारी गावातल्या आपल्या ओट्यावर, लाल प्लास्टिकच्या खुर्चीत, दोन्ही हात पोटावर ठेवून बसलेली असायची. मागे भिंतीशी स्टीलचे अठरा डबे, झाकणं अर्धी उघडी. पुढे अंगणात आम्ही लवकर आलेली चार-पाच गिऱ्हाइकं, दवाखान्याबाहेर बसावं तशी. कुणी मोठ्याने बोललं की काकी डोळे न उघडता एक बोट वर करायची. तिच्या पोटातून कुणीतरी हळू आवाजात काही सांगतंय आणि आमच्या बडबडीत ते बुडून जाईल, अशी तिची मुद्रा असायची. साडेदहाला ती डोळे उघडायची, पोटावरून एकदा हात फिरवायची आणि म्हणायची, "गप हाय. न्या."

त्याचा अर्थ असा. काकीला दूध पचत नसे. आम्हा अठराही जणांना पचत नसे. म्हणून तर आम्ही तिच्याकडून डबे नेत होतो. साडेआठला काकी प्रत्येक पदार्थ वाटीभर वाढून घेऊन स्वतः जेवायची. एखाद्या नव्या मसाल्यात किंवा पावात दुधाची पावडर लपून आलेली असली, तर दोन तासांच्या आत तिचं पोट ओरडायला लागायचं. असं माझ्यासमोर एकदाच झालं. तिने अठरा डबे गटारात ओतले आणि आम्हाला केळी देऊन घालवून दिलं.

"काकी, खाना एकदम ठंडा हो जाता है," एक गुजराती भाभी रोज कुरकुरायची.

"ठंडा खायेगी तो घर जायेगी," काकी म्हणायची. "गरम खाके किधर जाना है, वो तू सोच."

मी या अंगणात कसा आलो, ते सांगायला थोडी लाज वाटते. मी साताऱ्याकडचा. भाईंदरला येऊन तीस वर्षं झाली, तरी ऑफिसात कुणी चहात दूध कमी घातलं की मी आमच्या गावच्या म्हशींची वंशावळ सांगायला बसायचो. एकोणपन्नासाव्या वर्षी त्या म्हशींनी सूड घेतला. मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. एका क्लेमच्या चौकशीला नया नगरमध्ये गेलो होतो, तिथल्या गृहस्थांनी आग्रहाने मोठा ग्लासभर मसाला दूध पाजलं. परतताना रिक्षा अडकली. पुढची चाळीस मिनिटं मी ज्या भीतीत काढली, तिचं वर्णन कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या लेखात करता येणार नाही. एवढंच सांगतो, की मी रिक्षावाल्याला माझं घड्याळ द्यायला निघालो होतो आणि तो म्हणत होता, "साब, घडी से सिग्नल नहीं खुलता."

पुढे दोन-तीनदा तसंच झालं, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दूध बंद केलं. बायकोने, वीणाने, केबिन रोडवर भाजी घेताना कुणाकडून तरी काकीचं नाव ऐकलं आणि मला खारीला धाडलं.

काकी तेव्हा पासष्ट-सहासष्टची असेल. ठेंगणी, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं, कपाळावर गोंदण. तिने मला अंगणातल्या माडापाशीच थांबवलं.

"दूध पोटात गेलं की काय व्हतं? पोट की श्वास?"

"म्हणजे?"

"पोट धरतं की श्वास धरतो? अंगावर गांधी उठतात? ओठ सुजतात? छातीत घरघर?"

"नाही, नाही. फक्त..." मी इकडेतिकडे बघितलं. भाभी ऐकत होती.

"लाजू नको. इथं समदी तेच सांगाला येतात. काय काम करतोस?"

"विमा कंपनीत आहे."

"मग तर खोटं ओळखता येत असंल तुला. आता मी परत विचारते. पोट की श्वास?"

"पोट."

"ये बस."

ती प्रत्येकाला दोनदा विचारायची. पहिल्यांदा माणूस घाईत बोलतो, दुसऱ्यांदा आठवून बोलतो, असं तिचं म्हणणं. आणि ज्याचं उत्तर 'श्वास' असेल त्याला ती घासही देत नसे. माझ्यासमोर तिने एका बाईला परत पाठवलं होतं. बाई रडकुंडीला आली, "तुमच्याकडे दूध नसतंच ना, मग काय होतंय?" म्हणून विनवत राहिली. काकी हात जोडून उभी राहिली, पण उंबरा सोडला नाही.

"श्वासवाल्याला थेंब मारतो, बाय. माजं पोट थेंबाला बोलत न्हाय. मी वाटीभर तूप प्याले तरी ते गप. तुमच्यासाठी माजं पोट आंधळं हाय. उपाशी जा, पण जित्ती जा."

तुपाचं असं, की ते कढवताना आमच्यासारख्यांच्या पोटाला छळणारं जे काही असतं, ते जवळपास सगळं निघून जातं. काकीने ते स्वतःवर वर्षानुवर्षं पारखलं होतं, माझ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. म्हणून गोडाधोडावर चमचाभर घरचं तूप ती आम्हाला वाढायची. बाकी तिच्या घरात दूध नव्हतं, दही नव्हतं, चहा कोरा. सून तांदळाच्या भाकऱ्या थापायची, काकी नारळाच्या रसात भाज्या करायची, वालाचं बिरडं करायची. कुणी कौतुक केलं की म्हणायची, "यात नवीन काय? आमची मिठागरं. मिठागरात गाय काय खाईल, मीठ? आमच्या आज्यांनी दूध बगितलं ते बाळंतपणात, तेबी स्वतःचं."

दूध तिच्या आयुष्यात उशिराने आलं. जमिनी गेल्या, इमारती आल्या, घरात चार वस्तू आल्या, तशी रोज दोन लिटर दुधाची पिशवीही आली. नव्या सुनेने, म्हणजे काकीने, धष्टपुष्ट व्हावं म्हणून तिची सासू तिला पेले भरभरून पाजू लागली. मग पोटदुखी, मग वाळत जाणं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. लिंबं उतरली, कोंबडे दिले, अंगारे लावले. "आठ वर्सं मना भूत लागलेलं," काकी सांगायची. "भगत बोल्ला, चिंचेवरचं हाय. चिंच तोडली. तरी भूत येयाचंच. शेवटी एका डाक्टरीणबाईनी सांगितलं. ते भूत पिशवीतनं येत व्हतं, रोज सकाळी साडेपाचला. आन् मीच दार उघडायची!"

हे ऐकून आम्ही हसायचो. ती हसायची नाही. त्या आठ वर्षांत तिला आपल्याच शरीराची भीती बसली ती बसलीच. मग तिने त्या भीतीला कामाला लावलं. पिठाची गिरणी वेगळी, पाटा वेगळा. बाहेरून आलेल्या माणसाने हात धुतल्याशिवाय डब्याला शिवायचं नाही. मी एकदा म्हणालो, "काकी, किती घाबरता हो!"

"भ्या वाटतं तवर हात शुद्धीवर असतो," ती म्हणाली. "ज्या दिवशी मना भ्या वाटनार न्हाय, त्या दिवशी माज्याकडनं डबा नेऊ नको."

घरी येऊन मी वीणाला तिच्या आवाजाची नक्कल करून दाखवली. नक्कल चांगली वठली होती. अर्थ नंतर कळला.

माझ्या मुलीला, केतकीला, पुण्याला मुलगी झाली तेव्हा मी आनंदाच्या भरात काय करावं? पेढ्यांचा अर्धा किलोचा पुडा घेऊन काकीकडे गेलो. साप बघावा तशी ती मागे सरली. मला माडाखाली उभं केलं, पुडा रस्त्यावरच्या पोरांना वाटायला लावला, हात साबणाने दोनदा धुवायला लावले आणि उंबऱ्यावर बादलीभर पाणी ओतलं. मग लांबूनच विचारलं, "नातीचं नाव काय ठेवलं रे, विमावाल्या?"

"ईरा."

"गोड हाय. आन् तू येडा हायस."

ईरा दोन वर्षांची झाली तेव्हा केतकीचा फोन आला. मी बाजारात होतो. मागे हॉर्न, पुढे हॉर्न, हातात नारळाची पिशवी. ती म्हणाली, "बाबा, ईराला दुधाची अ‍ॅलर्जी निघालीये." पुढे ती बरंच काही सांगत होती. मी त्या पहिल्या वाक्यावरच थांबलो होतो. कारण तोपर्यंत त्या मुलीचं नाक वीणाचं ठरलं होतं, डोळे जावयांचे, कपाळ त्यांच्या आईचं. माझ्या वाट्याला काहीच उरलं नव्हतं. आता उरलं. घरी आल्या आल्या मी जाहीर केलं, "माझं पोट गेलंय हो तिच्याकडे!"

वीणा म्हणाली, "त्यात मिरवण्यासारखं काय आहे?"

पण मी मिरवलं. ऑफिसात मिरवलं. माणसं अर्धवट माहिती देतात, 'तेच ते, एकच की' म्हणून दोन वेगळे आजार एका रकान्यात कोंबतात, असे फॉर्म पकडण्याचा पगार मी वीस वर्षं घेतोय. घरातला फॉर्म मात्र मी स्वतःच भरून टाकला.

मे महिन्यात केतकी ईराला घेऊन आली. येताना पोरीच्या खाण्याचे डबे वेगळे घेऊन आली. तिसऱ्या दिवशी सकाळी वीणा आणि ती केबिन रोडला शिंप्याकडे निघाल्या. जाताना केतकीने बजावलं, "बाबा, तिला फक्त निळ्या डब्यातलं द्या. दुसरं काही नाही."

"अगं, कळतंय मला. मीही त्यातलाच आहे."

त्या गेल्या आणि माझ्या डोक्यात आलं, की जगात या पोरीसाठी सगळ्यात निर्धोक जेवण कुठे असेल तर ते खारीत. शिवाय काकीला नात दाखवायची राहिली होती. ईराला स्कूटरवर पुढे उभं केलं आणि निघालो. ती वाटभर प्रत्येक कुत्र्याला 'हॅलो' म्हणत होती.

दहा वाजले होते. काकी खुर्चीत बसली होती. ईराला बघून तिने नियम मोडून डोळे उघडले, तिचे हात हातात घेतले, हनुवटी धरली. मग विचारलं, "ही पोट की श्वास?"

"पोट. माझीच नात."

"परत विचारते. पोट की..."

"काकी, पोटच हो! शंभर टक्के. माझ्यावर गेलीय."

काकीने माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं असेल? आनंदच दिसला असेल. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा वेगळा असतो. मला तर पूर्ण खात्री होती. साडेदहाला तिने पोटावरून हात फिरवला, "गप हाय" म्हणाली आणि स्वतः उठून ईरासाठी बशी भरली. गुळाची खांडवी, वर ओल्या खोबऱ्याची पखरण आणि लाडाने, बरणीच्या तळाचं खमंग तूप, त्यात बेरीचे तांबूस कण.

ईराने दोन घास खाल्ले. तिसरा घेतला नाही. ओठ चोळायला लागली. मी म्हटलं, "गूळ लागला असेल." मग ती खोकली. मी म्हटलं, "खोबरं अडकलं." माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार होतं. काकी खुर्चीतून पुढे वाकली होती. तिने पोरीच्या फ्रॉकची मान बाजूला केली. गळ्यावर लाल गांधी उठल्या होत्या आणि बघता बघता एकमेकींत मिसळत होत्या.

काकी उभी राहिली. आवाज अगदी खाली गेला होता तिचा.

"विमावाल्या, हा श्वास हाय."

त्यानंतरची दहा मिनिटं मी कितीतरी वेळा पुन्हा जगलोय. काकी अनवाणी रस्त्यावर धावली आणि चालत्या रिक्षासमोर हात पसरून उभी राहिली. तिने ईराला मांडीवर सरळ बसवलं, आडवं होऊ दिलं नाही. मी बाजूला. ईराच्या छातीतून बारीक शीळ यायला लागली. ओठ फुगले होते. वाटेत एक कुत्रं दिसलं, तिने त्याच्याकडे बघितलं आणि 'हॅलो' म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. काकी तिच्या कानाशी एकसारखं म्हणत होती, "घे बाय. आत घे. सोड. आत घे. सोड." थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की त्या तालावर मीच श्वास घेतोय.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काही विचारण्याआधी मांडीत इंजेक्शन दिलं. मग नळी, मग ऑक्सिजन. एका बाईने माझ्यापुढे फॉर्म सरकवला. 'पूर्वीचा आजार किंवा अ‍ॅलर्जी.' असले हजारो फॉर्म मी तपासलेत. पेन हातात धरून बसलो. मला लिहिता येईना.

अर्ध्या तासाने शीळ थांबली. डॉक्टर म्हणाले, "आता ठीक आहे. पण आज इथेच ठेवू." मी भिंतीला टेकलो. काकी कॉटच्या पायाशी जमिनीवर बसली होती, ईराचं पाऊल मुठीत धरून.

केतकी आणि वीणा धावत आल्या. केतकीने आधी लेकीला बघितलं, मग मला. "काय खाल्लं तिने?"

"काकींकडे... खांडवी."

"त्यात काय होतं?"

"तूप," काकीच म्हणाली.

"तूप? एवढ्या लहान मुलीला? विचारलंत तरी का तुम्ही, की हिला काय होतं ते?"

काकीने माझ्याकडे बघितलं. मी बोलायचं, एवढंच बाकी होतं. एक वाक्य. मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिलो. थेंब पडत होते, मी ते मोजत होतो असं दाखवलं. वडील म्हणून, आजोबा म्हणून, माहितगार माणूस म्हणून जे काही होतं माझ्यापाशी, ते सगळं त्या एका वाक्याने जाणार होतं. मला नातीच्या मरणाची भीती वाटून गेली होती आणि आता मुलीच्या नजरेची वाटत होती. दुसरी भीती पहिलीएवढीच मोठी निघाली, हे सांगताना आजही हात थांबतो.

"माज्या घरात झालं, पोरी," काकी म्हणाली. "माजं चुकलं." आणि ती निघून गेली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला तिचे अनवाणी पाय दिसले.

ईरा दुसऱ्या दिवशी घरी आली. जावई रजा टाकून आले आणि त्यांनी दोघींना पुण्याला नेलं. वीणाने बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं, की खारीच्या त्या डब्यांपासून सावध राहा, तिथे तूप घालतात. मी ते वाचलं. बोट ठेवून वर सरकवलं. जेवताना वीणा म्हणाली, "एवढं विचारते विचारते म्हणायची ना ती बाई?" मी म्हटलं, "भात वाढ."

चौथ्या दिवशी भाभी रस्त्यात भेटली. "काकी ने तो बंद ही कर दिया. किसी को खाना नहीं देती. बोलती है सब मर जाओगे."

मी ऑफिसऐवजी खारीला गेलो.

अंगणात कुणी नव्हतं. अठरा डबे धुऊन पालथे घातलेले. काकी ओट्यावर त्याच खुर्चीत होती. एका हातात छोटा आरसा, दुसऱ्या हातात चमचा, मांडीवर तुपाची बरणी. चार दिवसांत ती चार वर्षांनी म्हातारी झाली होती. ती चमचा चाटायची, मग आरशात आपले ओठ बघायची, जीभ बाहेर काढून बघायची, मान वर करून गळा बघायची. सून दाराआडून म्हणाली, "चार दिवस हेच चाललंय. जेवत नाही, आम्हालाबी जेवू देत नाही."

"काकी, काय करताय?"

"बगते. पोटाचा श्वास कवा व्हतो ते बगते."

मला काही कळेना. ती आरशातून नजर न काढता बोलत राहिली.

"तू बोल्लास पोट. दोनदा बोल्लास. आन् पोरीचा श्वास झाला माज्या डोळ्यांसमोर. म्हणजे पोटाचा श्वास व्हतो. कवापण व्हतो. मना म्हायतच नव्हतं. मी इतकी वर्सं समद्यांना तूप वाढलं, हसत हसत वाढलं. उद्या भाभीचा व्हईल. तुजा व्हईल. या माज्या सुनेचा व्हईल. कुनाचा आधी व्हईल, ते मी कसं वळखू?"

तेव्हा मला समजलं, की माझ्या गप्प बसण्याने मी काय केलं होतं. तिने माझ्यावर क्षणभरही अविश्वास दाखवला नव्हता. मी सांगितलं ते खरं धरून तिने बाकी सगळं जग खोटं ठरवलं होतं, स्वतःच्या शरीरासकट. आठ वर्षांचं ते जुनं भूत मी परत तिच्या दारात आणून सोडलं होतं.

"काकी, ईराला पहिल्यापासून श्वासच होता." "डॉक्टरांनी केतकीला तेच सांगितलं होतं. केतकीने मला फोनवर सांगितलं होतं. मी नीट ऐकलं नाही. माझ्यासारखंच असेल म्हणून ठोकून दिलं."

चमचा बरणीवर वाजला.

"म्हणजे पोटाचा श्वास व्हत न्हाय?"

"नाही. दोन्ही वेगळे आजार आहेत. तुम्ही म्हणता तसेच."

"माजं पोट बरोबर हाय?"

"बरोबर आहे, काकी. मीच चुकलो."

तिने आरसा मांडीवर पालथा ठेवला. खूप वेळ दोन्ही हात पोटावर ठेवून बसली. मला वाटलं शिव्या देईल. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या सोप्या असतात. ती रडत होती, पण आवाज नव्हता.

"चार दिस," शेवटी म्हणाली. "चार दिस मी माज्या हाताला भ्याले. सुनेनी ताट आणलं तर तिच्या गळ्याकडं बगायची." मग पदराने तोंड पुसलं. "पोरीला सांगितलंस?"

"कुणाला?"

"तुज्या पोरीला."

"नाही अजून."

"मग मना कशाला सांगतोस? तिला सांग. तिच्या डोक्यात तुपाचं भ्या बसलंय. तुजं बसाया पायजे. उद्या परत पोर तुज्याकडं ठेवील ती."

मी तिच्या अंगणातूनच, माडाखाली उभं राहून, फोन लावला. केतकीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी त्या दिवशी तुम्हाला तीन वेळा सांगितलं होतं, की हे तुमच्यासारखं नाही. तीन वेळा." आणि फोन ठेवला. त्यानंतर वर्षभर तिने ईराला माझ्याजवळ एकटं सोडलं नाही. बरोबर केलं.

घरी येऊन वीणाला सांगितलं. तिने ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला. माझ्या नावासकट टाकला. लिफ्टमध्ये अजून लोक मला विचारतात, "नात कशी आहे?" आणि पुढचं विचारत नाहीत.

काकीने आठवड्याभराने चूल पेटवली. माझा डबा सुरू झाला, पण एका अटीवर. "तुजं उत्तर हितं चालनार न्हाय. कायबी विचारायचं असंल तर वैनीला फोन लावीन." आणि लावायची. मला सर्दी आहे का, हेही वीणाला विचारायची.

केतकी पुढच्या सुट्टीत ईराला घेऊन मुद्दाम खारीला गेली. माफी मागायला. काकी आतून ओरडली, "आत येऊ नको! पोरीला घेऊन तिथंच उभी ऱ्हा!" मग अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून बाहेर आली. हातात शहाळं आणि धुतलेला कोयता. दोघींच्या समोर शहाळं सोललं आणि केतकीच्या हातात दिलं. "झाडानं दिलंय. यात माजा हात न्हाय." दर सुट्टीत हेच. बाकी तिने त्या पोरीला आयुष्यात परत काही खायला दिलं नाही. ईरा तिला 'नारळआजी' म्हणायची.

गेल्या वर्षी काकीचं हृदय थकलं. पायांना सूज आली, दम लागायला लागला. शेवटी दवाखान्यात ठेवलं. मी दुपारी चारच्या सुमाराला भेटायला गेलो. सून औषधं आणायला खाली गेली होती. काकी उशांना टेकून, नाकावर ऑक्सिजनचा मास्क लावून बसली होती. डोळे मिटलेले, दोन्ही हात सवयीने पोटावर.

नवीन नर्स ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये दोन बिस्किटं आणि दुधाचा ग्लास. तिने हातातल्या कागदावर बघून मला विचारलं, "तुम्ही मुलगा का? इथे लिहायचं राहिलंय. यांना कशाची अ‍ॅलर्जी वगैरे?"

उत्तर मला माहीत होतं. अठरा डब्यांपैकी कुणीही झोपेत सांगितलं असतं. माझं तोंड उघडलंही होतं. ते मिटलं.

"थांबा," मी म्हणालो. "विचारून सांगतो."

मी वाकलो. "काकी. दूध आलंय. पोट की श्वास?"

तिने डोळे उघडले. मास्कआडून हसली असावी, प्लास्टिक धुरकट झालं.

"पोट," ती म्हणाली. दम घेतला. "श्वासाचं... वेगळं चाललंय."

नर्स लिहायला लागली. मी तिला हाताने थांबवलं.

"परत विचारतो काकी. पोट की श्वास?"

या वेळी तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं, त्या मे महिन्यात बघितलं होतं तसंच. मग पोटावरचा एक हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. हात गार होता.

"पोट," म्हणाली. "लिव म्हणावं आता."

नर्सने लिहिलं आणि ट्रे उचलला. तो ग्लास दारातून बाहेर जाईपर्यंत मी त्याच्यावरची नजर हलवली नाही.